ठाणे-नवी मुंबईचा नकाशा हातात घेताना: शीट शोधण्यापासून उंचीच्या रेषांपर्यंत

‘सेक्टर १५, गार्डनसमोर’ एवढाच पत्ता घेऊन नवी मुंबईत निघालेला माणूस हमखास चुकतो. सेक्टर १५ वाशीत आहे, नेरूळला आहे, बेलापूरला आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. सिडकोने शहर वसवताना प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या उपनगराला, स्वतंत्र सेक्टर क्रमांक दिले, त्यामुळे इथला पत्ता आधी नोड, मग सेक्टर, मग प्लॉट या क्रमानेच वाचावा लागतो. नकाशालाही हाच नियम लागू आहे. आधी चौकट पाहायची, मग आतलं. नवशिक्यांच्या बहुतेक चुका चौकट न पाहता थेट मधल्या रेघांवर बोट ठेवल्यामुळे होतात.

कामाप्रमाणे नकाशा

घर, दुकान, बसथांबा शोधायचा असेल तर मोबाइलवरचा नकाशा पुरतो. डोंगरात जायचं असेल, ओढे-नाले आणि चढ-उतार समजून घ्यायचे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा लागतो. बोलताना सगळे त्याला टोपोशीट किंवा नुसतं शीट म्हणतात. जमिनीच्या हद्दीसाठी भूमी अभिलेख विभागाचा नकाशा पाहायचा आणि एखाद्या भागात पुढे काय होणार, रस्ता कुठून जाणार, आरक्षण कशाचं आहे हे महापालिकेच्या किंवा सिडकोच्या विकास आराखड्यात पाहायचं.

हे चार नकाशे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रंगांचे अर्थसुद्धा बदलतात. विकास आराखड्यात पिवळा रंग सहसा निवासी भाग दाखवतो, टोपोशीटवर पिवळा म्हणजे शेतजमीन. एकाची सवय दुसऱ्यावर लावली की घोटाळा होतो, म्हणून प्रत्येक नकाशाची खुणांची सूची वेगळी वाचायची.

लोकलच्या डब्यात दाराजवळ लावलेला मार्गाचा नकाशा या सगळ्यात बसत नाही. त्यात स्टेशनांचा क्रम खरा असतो, पण अंतर आणि दिशा खऱ्या नसतात. दोन स्टेशनांमधलं अंतर तिथे बोटाने मोजू नये.

आपलं शीट कोणतं?

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ मध्ये सुरू झाला. त्याचं मुख्यालय डेहराडूनला आहे. त्याच्या जुन्या क्रमांकपद्धतीत ४ अंश बाय ४ अंशांच्या मोठ्या चौकटीला एक आकडा असतो. आपल्याकडची चौकट ४७ नंबरची: १६ ते २० अंश उत्तर, ७२ ते ७६ अंश पूर्व. तिचे एकेका अंशाचे १६ तुकडे होतात, त्यांना ए ते पी अक्षरं आहेत. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा १५ मिनिटांचे (एका अंशाची ६० मिनिटं) १६ भाग होतात, त्यांना १ ते १६ आकडे आहेत. दोन्हीकडे मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू करून खाली उतरायचं, मग शेजारच्या उभ्या रांगेच्या माथ्यावर जायचं. शाळेतल्या वहीसारखं डावीकडून उजवीकडे मोजलं तर शीट चुकतं.

ठाणे स्टेशन साधारण १९ अंश ११ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५८ मिनिटं पूर्व इथे आहे, म्हणजे शीट ४७ ए/१६. पण घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे जाणार असाल तर १९ अंश १५ मिनिटांची सीमा ओलांडली जाते आणि ४७ ए/१५ लागतं. मुंब्रा, नेरूळ, बेलापूर, खारघर ही ४७ ई/४ वर आहेत. पनवेल ४७ एफ/१ वर आणि उरण ४७ बी/१३ वर.

नवी मुंबई दोन बाजूंनी अशी कापली गेली आहे. ७३ अंश पूर्व रेखावृत्त वाशी आणि ऐरोली स्टेशनांच्या अगदी जवळून जातं. १९ अंश उत्तर अक्षवृत्त खांदेश्वर आणि पनवेल या स्टेशनांच्या मधून जातं. त्यामुळे वाशीच्या आसपास काम असेल तर एका शीटवर भागत नाही. दोन शीटं शेजारी ठेवून कडा जुळवाव्या लागतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नकाशांच्या दोन मालिका झाल्या. संरक्षण मालिका लष्करासाठी आहे, खुली मालिका सर्वांसाठी. खुल्या मालिकेतल्या शीटांचे क्रमांक वेगळे आहेत आणि आपल्या भागातल्या शीटांचा क्रमांक ई ४३ ने सुरू होतो. शोधताना दोन्ही क्रमांक जवळ ठेवा, कारण ट्रेकर मंडळी आणि जुनी पुस्तकं अजून ४७ ए, ४७ ई असंच बोलतात.

मिळवायचं असं:

१. सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी करा.

२. खुल्या मालिकेतले १:५०,००० प्रमाणाचे नकाशे निवडा. तिथला निर्देशक नकाशा उघडून आपल्या भागाच्या चौकोनावर क्लिक करा आणि पीडीएफ उतरवून घ्या.

३. फाइल उघडल्यावर आधी चारही कोपऱ्यांतले अक्षांश-रेखांश तपासा. आपलं ठिकाण त्यांच्या मध्ये येतं ना, एवढं पाहिलं की चुकीचं शीट छापायचे पैसे वाचतात.

छापील प्रत हवी असेल तर विभागाच्या महाराष्ट्र-गोव्यासाठीच्या पुण्यातल्या कार्यालयात चौकशी करावी. ‘इस्रो’चं भुवन हे संकेतस्थळ उपग्रहचित्रांसाठी चांगलं आहे. शीटवर जुना तपशील दिसला की आजची स्थिती तिथे पडताळता येते.

समास आधी

शीटच्या कडेला छापलेला मजकूर कंटाळवाणा वाटतो आणि लोक तो कापून टाकतात. नेमकं तेच करू नका. तिथे पाच गोष्टी असतात: सर्वेक्षणाचं वर्ष, प्रमाण, समोच्च म्हणजे उंचीच्या रेषांमधलं अंतर, उत्तर दिशा आणि खुणांची सूची.

वर्ष सर्वांत महत्त्वाचं. सिडकोची स्थापना १९७० मधली, आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं घेतली गेली. त्याआधीच्या सर्वेक्षणावर आधारलेलं शीट हातात आलं तर नेरूळ, करावे, शहाबाज, घणसोली, तुर्भे ही सुटी गावं दिसतील. मध्ये भातखाचरं आणि खाडीकाठची दलदल असेल, आणि आजचे रस्ते कुठेच नसतील. अशा शीटवरचा डोंगर, खिंड, मोठा ओढा अजून बराचसा खरा असतो. रस्ता, वस्ती, खाडीची कड यांच्यावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. पारसिकच्या रांगेत काही ठिकाणी दगडखाणींनी डोंगराचा उतारही बदलला आहे, तिथे रेषासुद्धा जुन्या झाल्या.

प्रमाण १:५०,००० म्हणजे नकाशावरचे २ सेंटीमीटर जमिनीवर १ किलोमीटर. १५ मिनिटांचं शीट आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६.३ किलोमीटरचं भरतं. म्हणजे कागदावर साधारण ५५ बाय ५२ सेंटीमीटर, समास वेगळा. झेरॉक्सच्या दुकानात हे ए-३ वर ‘फिट’ करून छापलं की नकाशा जवळपास निम्मा होतो, पण कोपऱ्यात १:५०,००० तसंच छापून येतं. त्या भरवशावर २ सेंटीमीटरला १ किलोमीटर धरलं तर चालणं दुपटीने वाढतं. आकड्याऐवजी खाली छापलेली, किलोमीटर दाखवणारी रेषापट्टी वापरा. नकाशा लहान झाला की तीही त्याच्याबरोबर लहान होते.

याहून बरा मार्ग म्हणजे दुकानदाराला ‘१०० टक्के’ आकारात फक्त हवा तो भाग ए-३ वर छापायला सांगायचं. त्यात साधारण १३ बाय १९ किलोमीटरचा भाग बसतो आणि एका दिवसाच्या चालण्याला तो पुरून उरतो. छापून झाल्यावर पट्टीवरचा १ किलोमीटर बरोबर २ सेंटीमीटर भरतो का, ते दुकानातच फूटपट्टीने मोजून घ्या. समास आणि सूची दुसऱ्या कागदावर छापून सोबत ठेवा.

रंग आणि खुणा

लाल रंगात रस्ते आणि वस्ती, काळ्यात रेल्वे, नावं, हद्दी. निळं पाणी, हिरवं जंगल-झाडी, पिवळी शेती. तपकिरी रंग उंचीच्या रेषांचा. एवढं सगळ्यांना लवकर जमतं.

गफलत होते ती ओढ्यांत. सगळे ओढे निळे नसतात. ज्या पात्रात वर्षभर पाणी असतं ते निळं, आणि जे वर्षातला बराच काळ कोरडं असतं ते काळ्या रेघेने दाखवतात. आपल्या डोंगरांत काळ्या रेघा भरपूर आहेत. नवखा माणूस त्यांना पायवाट समजतो, किंवा ‘ओढा आहे, पाणी मिळेल’ असं धरून एकच बाटली घेतो. मार्चमध्ये तिथे धोंडे असतात आणि जुलैमध्ये त्याच काळ्या रेघेतून कमरेएवढं पाणी धावत असतं. म्हणून काळी रेघ पाहिली की तारीखही पाहायची.

तलावांचंही तसंच, बारमाही आणि कोरडे वेगवेगळे दाखवतात. तलावाच्या बांधाजवळ किंवा भरावाजवळ ‘५ आर’ अशा अर्थाचा आकडा दिसला तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसते. आजूबाजूच्या जमिनीपासून बांध ५ मीटर उंच आहे, एवढाच त्याचा अर्थ. नुसत्या ठिपक्याजवळचा आकडा मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. लहान त्रिकोण आणि आकडा म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ठिकाण. ते बहुधा दूरवरून दिसणाऱ्या माथ्यावर असतं, त्यामुळे दिशा पकडायला फार उपयोगी.

रस्त्यांत दुहेरी सलग रेघ म्हणजे पक्का रस्ता आणि दुहेरी तुटक म्हणजे कच्चा. त्याखाली गाडीवाट आणि सर्वांत बारीक तुटक रेघ पायवाटेची. पायवाटांवर फार भरवसा नको. गावकऱ्यांनी वापर सोडला की दोन-तीन पावसाळ्यांत कारवी वाट गिळून टाकते.

खाडीकाठी वेगळा विचार करावा लागतो. ठाणे खाडीत भरती-ओहोटीने काठ सतत हलतो. नकाशावरची निळी कड, पलीकडचा चिखलाचा पट्टा आणि खारफुटी यांच्यातली सीमा अमुक एका वेळची असते. मिठागरं लहान चौकोनांच्या जाळीसारखी दिसतात. दलदलीची खूण असलेल्या जागेतून ‘सरळ रेषेत जवळ आहे’ म्हणून वाट आखू नये, तिथे पाय गुडघ्यापर्यंत रुततात.

उंचीच्या रेषा

इथे वेळ द्या, कारण मोबाइलच्या साध्या नकाशात हे मिळत नाही. समोच्च रेषा म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेघ. १:५०,००० च्या शीटवर दोन रेषांत २० मीटरचं अंतर असतं आणि दर पाचवी, म्हणजे १०० मीटरची रेषा ठळक असते. दाट रेषा म्हणजे चढ, विरळ रेषा म्हणजे पठार किंवा सपाटी.

हिशेब असा करायचा. वाटेवरचा १ सेंटीमीटर मोजा, तो अर्धा किलोमीटर झाला. तेवढ्यात ६ अंतरं ओलांडली तर चढ १२० मीटर. ५०० मीटरला १२० म्हणजे १०० ला २४, साधारण साडेतेरा अंशांचा उतार. पायवाटेवर हा दमवणारा पण सरळ चढ आहे. तेवढ्याच सेंटीमीटरमध्ये १२-१३ अंतरं आली तर हात टेकायची वेळ येईल.

रेषा मोजताना चूक होते ती रेषा आणि अंतरं यांत. पहिल्या रेषेवर उभे असाल तर ७ रेषांत ६ अंतरं असतात. आणि वाट मध्येच उतरून पुन्हा चढत असेल तर दोन्ही चढ वेगळे मोजून मिळवा. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीची वजाबाकी केली की मधली खिंड हिशेबातून निसटते.

आता आकार. रेषा इंग्रजी व्हीसारख्या वळल्या असतील तर टोक कुठे आहे ते पाहा. टोक उंच भागाकडे असेल तर ती घळ किंवा ओढ्याचं पात्र. टोक सखल भागाकडे असेल तर ती डोंगराची सोंड. सोंडेवरून चढताना दोन्ही बाजूंना उघडं दिसतं आणि वाट चुकली तरी लवकर कळतं. घळीत शिरलात की समोरचंच दिसतं आणि बऱ्याचदा वर कडा असतो. दोन फुगीर माथ्यांच्या मधली कमरेसारखी बारीक जागा म्हणजे खिंड. गावोगावच्या जुन्या वाटा बहुधा तिथूनच जातात.

कडा असेल तिथे रेषा एकमेकींना चिकटतात. पण सह्याद्रीत याहून मोठा धोका न दिसणाऱ्या कड्याचा आहे. २० मीटरच्या अंतरात १५ मीटरचा उभा कातळटप्पा सहज लपतो. त्याच्या खाली एक रेषा, वर एक रेषा, मध्ये काहीच नाही, आणि नकाशावर तो साधा उतार दिसतो. म्हणून अनोळखी सोंडेवर ‘रेषा विरळ आहेत, उतरू’ असं फक्त शीट पाहून ठरवू नये. उपग्रहचित्रात तिथे काळपट आडवा पट्टा दिसतो का ते पाहावं आणि गावात विचारावं.

वेळेसाठी गिर्यारोहकांचा जुना ठोकताळा आहे: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ठाण्याच्या दमट हवेत आणि नवख्यांच्या गटात ५ च्या जागी ३ किलोमीटर धरणं शहाणपणाचं.

नकाशा जमिनीशी जुळवणं

नकाशा वाचण्याआधी तो फिरवा. वरची बाजू उत्तरेकडे आली पाहिजे. होकायंत्र असेल तर ठीकच. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे इथे तो सोडून दिला तरी चालतो. मोबाइलचं होकायंत्र वापरत असाल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या. लोखंडी कठडा, गाडी, विजेचा मनोरा यांच्यापासून दूर उभे राहा.

होकायंत्राशिवायही इथे सोय आहे. ठाणे शहरात येऊरचा डोंगर पश्चिमेला आणि खाडी पूर्वेला. खाडी ओलांडून ऐरोली-कोपरखैरण्यात आलात की उलटं, खाडी पश्चिमेला आणि पारसिकची रांग पूर्वेला. ठाण्यात वाढलेल्या माणसाचं डोकं ‘डोंगर म्हणजे पश्चिम’ असं ठरवून बसलेलं असतं, म्हणून नवी मुंबईत तो आत्मविश्वासाने चुकीच्या बाजूला निघतो.

आपण कुठे आहोत हे काढायचं तर नकाशावर ओळखू येणारी दोन ठिकाणं निवडा. प्रत्येकाचा अंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन, होकायंत्राने घ्या. ७० अंश आला तर त्यात १८० मिळवा, २५० झाले. त्या ठिकाणापासून २५० अंशांवर पेन्सिलने रेघ काढा. (बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करा.) दुसऱ्या ठिकाणाची रेघ पहिलीला छेदेल तिथे तुम्ही आहात. दोन ठिकाणांमध्ये ६० ते १२० अंशांचा कोन असावा, नाहीतर छेदनबिंदू लांबलचक पसरतो. तिसरी रेघ काढली तर लहानसा त्रिकोण होतो. तो मोठा आला तर एखादं शिखर चुकीचं ओळखलं आहे.

शीटवर १ किलोमीटरची जाळी असेल तर ठिकाण आकड्यांत सांगता येतं. आधी पूर्वेचा आकडा, मग उत्तरेचा. उभी रेघ ९४, आडवी ०४, आणि चौकोनात पूर्वेला पाच दशांश, उत्तरेला दोन दशांश गेलं की ९४५०४२. सहा आकड्यांत जागा १०० मीटरच्या चौकोनात बसते. क्रम उलटा सांगितला तर मदतीला येणारा माणूस भलत्याच चौकोनात पोहोचतो.

फोनवरच्या अक्षांशांत आणखी एक सापळा आहे. १९.२० अंश म्हणजे १९ अंश २० मिनिटं नव्हे, १९ अंश १२ मिनिटं. दशांशाला ६० ने गुणायचं: ०.२० गुणिले ६० बरोबर १२. ही आठ मिनिटांची चूक जमिनीवर सुमारे १५ किलोमीटर भरते. ठाणे शहरातलं ठिकाण खाडी ओलांडून उत्तरेला जाऊन पडतं.

मोबाइल

निघण्याआधी घरच्या वायफायवर भाग ऑफलाइन उतरवून घ्या. येऊरच्या आत किंवा खारघरच्या डोंगरामागे नेटवर्कची खात्री नसते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर चालणारी ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ किंवा ‘ओएसएमअँड’ ही अ‍ॅप्स डोंगरवाटांसाठी जास्त उपयोगी पडतात, कारण पायवाटा चालणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. त्याच कारणाने त्यात चुकाही असतात. निळा ठिपका तुम्ही कुठे आहात हे सांगतो. पुढे उतार कसा आहे, हे शीटवरच पाहावं लागतं.

जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट या जुन्या मापनपद्धतीवर आधारलेले आहेत, फोन डब्ल्यूजीएस ८४ ही नवी पद्धत वापरतो. फोनवरचे आकडे तसेच्या तसे जुन्या शीटवर मांडले तर ठिपका बाजूला सरकतो. नव्या खुल्या मालिकेत ही अडचण नाही.

जमिनीचा नकाशा हवा असेल तर

महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर ग्रामीण किंवा शहरी, मग जिल्हा, तालुका, गाव निवडून गट किंवा सर्व्हे नंबर टाकला की जमिनीचा आकार आणि लगतचे नंबर दिसतात. ठाणे आणि बेलापूर दोन्ही ठाणे जिल्ह्यात, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, हे निवडताना लक्षात ठेवा. हा नकाशा माहितीपुरता आहे. कुंपण घालायचं किंवा वाद मिटवायचा तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते आणि हद्दीच्या खुणा दाखवणारी ‘क’ प्रत घ्यावी लागते. स्क्रीनवरची रेघ मोठी करून त्यावरून फूट मोजणं व्यर्थ आहे.

पहिला सराव

बेलापूरचा पारसिक हिल यासाठी चांगला आहे. वरपर्यंत रस्ता आहे, वाट चुकण्याची भीती नाही. शीट ४७ ई/४ घ्या. पायथ्याशी नकाशा उत्तरेला जुळवा, माथ्यापर्यंतच्या रेषा मोजून चढ मीटरमध्ये कागदावर लिहा आणि लागणारा वेळही लिहा. मग चढा. वर पोहोचल्यावर खाडी आणि खारघरची डोंगररांग नकाशावर ओळखा आणि दोन रेघांनी आपली जागा काढून फोनशी ताडून पाहा.

उंचीही फोनशी ताडायची असेल तर पायथ्याचा आणि माथ्याचा आकडा घेऊन फक्त फरक काढा. काही अ‍ॅप्स समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची दाखवतात. आपल्या किनाऱ्यावर तो आकडा साठेक मीटरने कमी येतो, त्यामुळे खाडीकाठी उभं राहून फोन उणे ६० दाखवू लागला तरी तो बिघडलेला नसतो.